लू व्हिटेकर: पंधरा मतांत मिटलेली उमेदवारी

१६ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेतील बेसबॉल लेखक संघटनेने हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मान-संग्रहालयासाठीच्या त्या वर्षीच्या मतदानाचा निकाल जाहीर केला. एकूण ५१५ मतपत्रिका आल्या होत्या आणि निवडून येण्यासाठी त्यांपैकी किमान ३८७ मतपत्रिकांवर नाव असणे आवश्यक होते. डेव्ह विनफिल्ड आणि कर्बी पकेट हे दोघे पहिल्याच वर्षी निवडून आले. त्यांच्याबरोबरच यादीत पहिल्यांदा आलेल्या लू व्हिटेकर या डेट्रॉइट टायगर्स संघाच्या सेकंड बेसमनला (दुसऱ्या बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला) १५ मते मिळाली, म्हणजे २.९ टक्के. ज्याला पाच टक्के मतेही मिळत नाहीत त्याचे नाव लेखकांपुढे पुन्हा येत नाही, असा नियम असल्याने एकाच संघाकडून एकोणीस हंगाम खेळलेल्या या खेळाडूची लेखकांपुढील उमेदवारी एका मतमोजणीत संपली.

हॉल ऑफ फेममध्ये कोण असावे आणि कोण नसावे यावर अमेरिकेत दर हिवाळ्यात वाद झडतात. त्यांतले सर्वांत गाजलेले वाद बॅरी बाँड्स, रॉजर क्लेमेन्स किंवा पीट रोझ यांच्याभोवती फिरतात, परंतु ते मुळात खेळाचे वाद नाहीत. उत्तेजक द्रव्यांचा संशय किंवा सट्टेबाजी यांचे पारडे खेळाडूच्या कर्तृत्वाच्या तुलनेत किती जड धरायचे, हा तिथला प्रश्न असतो आणि त्यावरचे मत बहुतेकांचे आकडे पाहण्याआधीच ठरलेले असते. व्हिटेकरच्या प्रकरणात असले काहीच नाही. त्याच्यावर कोणताही ठपका नाही, बंदी नाही, कुजबुजही नाही. मैदानावरचे चांगले काम कसे ओळखायचे, आणि ते पहिल्या नजरेत ओळखू आले नाही तर दुसरी नजर टाकण्याची सोय व्यवस्थेत आहे की नाही, एवढाच प्रश्न येथे शिल्लक राहतो. म्हणूनच अभ्यासासाठी हे प्रकरण इतर गाजलेल्या प्रकरणांपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

मतदानाची पद्धत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावी हॉल ऑफ फेमचे संग्रहालय आहे. किमान दहा हंगाम खेळलेला आणि निवृत्त होऊन पाच वर्षे झालेला खेळाडू विचारार्थ पात्र ठरतो. लेखक संघटनेचे किमान दहा वर्षे सदस्य राहिलेले पत्रकार मत देतात, प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा नावे लिहिता येतात आणि ७५ टक्के मतपत्रिकांवर नाव असलेला खेळाडू निवडून येतो. पाच टक्क्यांच्या वर राहणारा उमेदवार त्या काळी पंधरा वर्षे यादीत राहू शकत होता; २०१४ मध्ये ही मुदत दहा वर्षांवर आणली गेली. लेखकांनी नाकारलेल्यांसाठी मागाहून दुसरे दार असते. निवडक व्यक्तींची सोळा जणांची समिती त्यांचा विचार करते आणि तेथे बारा मते लागतात.

आता खेळाडूकडे वळू. १२ मे १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेला आणि व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिल या गावी वाढलेला व्हिटेकर १९७५ मध्ये टायगर्सकडे आला. ९ सप्टेंबर १९७७ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये तो आपला पहिला मोठा सामना खेळला आणि त्याच सामन्यात त्याच्या शेजारी शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) जागी ॲलन ट्रॅमेलनेही पदार्पण केले. तेव्हा एक वीस वर्षांचा होता आणि दुसरा एकोणीस. पुढे या दोघांनी एकत्र १,९१८ सामने खेळले, जो अमेरिकन लीगचा (व्यावसायिक बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगांपैकी एकीचा) विक्रम आहे. बेसबॉलमध्ये सेकंड बेसमन आणि शॉर्टस्टॉप यांची जोडी संघाच्या क्षेत्ररक्षणाचा कणा असते, कारण जमिनीवरून आलेल्या एकाच फटक्यावर दोन प्रतिस्पर्धी बाद करण्याचा डबल प्ले बहुतेक वेळा याच दोघांच्या हातून होतो. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे, तर एकाच चेंडूवर दोन गडी टिपण्याचे हे काम आहे आणि या जोडीने ते जवळपास दोन दशके नित्यनेमाने केले.

व्हिटेकर १९७८ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. १९८३ ते १९८७ अशी सलग पाच वर्षे तो ऑल-स्टार, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंच्या, संघात होता. त्याला क्षेत्ररक्षणाचे तीन गोल्ड ग्लव्ह आणि फलंदाजीचे चार सिल्व्हर स्लगर पुरस्कार मिळाले, म्हणजे त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांत क्षेत्ररक्षण आणि फलंदाजी या दोन्हींत तो अव्वल मानला गेला. १९८४ मध्ये स्पार्की अँडरसनच्या मार्गदर्शनाखाली टायगर्सने पहिल्या ४० पैकी ३५ सामने जिंकून सुरुवात केली आणि शेवटी सॅन डिएगो पाद्रेसला हरवून वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका जिंकली. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू मात्र ट्रॅमेल ठरला. (१९८५ च्या ऑल-स्टार सामन्याला व्हिटेकर आपला गणवेश घरी विसरून आला आणि विकत घेतलेल्या सदऱ्यावर मार्करने आकडा काढून खेळला, ही गोष्ट त्याच्या बहुतेक आकड्यांपेक्षा अधिक लोकांना आठवते. तो सदरा पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात गेला. कूपर्सटाउनच्या आधी त्याच्या सदऱ्यालाच संग्रहालय लाभले, असे म्हणायला हरकत नाही.)

कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर २,३९० सामने, २,३६९ हिट (बेसवर पोहोचवणारे फटके), २४४ होम रन (थेट धाव मिळवून देणारे, बहुधा मैदानाबाहेरचे फटके), १,३८६ धावा आणि १,१९७ वॉक (गोलंदाजाच्या चार बाहेरच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) होते. फलंदाजीची सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या संधींमागे हिटचे प्रमाण, .२७६ होती. मतदारांना काय दिसले आणि काय दिसले नाही, याचे उत्तर याच आकड्यांत आहे. त्या काळी पत्रकारांच्या डोक्यात काही ठरलेले टप्पे पक्के बसलेले होते: ३,००० हिट, ५०० होम रन, .३०० ची सरासरी, एखादा सर्वोत्तम खेळाडूचा किताब. यांपैकी एकही टप्पा व्हिटेकरने गाठलेला नव्हता. १९८३ मध्ये त्याने .३२० च्या सरासरीने २०६ हिट काढल्या, परंतु तसा हंगाम पुन्हा आला नाही. हिट, होम रन किंवा सरासरी यांत तो लीगमध्ये कधी पहिला आला नाही.

त्याचे बळ वेगळ्या ठिकाणी होते. प्रतिस्पर्धी गोलंदाजाचे चार चेंडू पट्ट्याबाहेर जाऊ देऊन वॉक मिळवण्याची चिकाटी त्याच्याकडे होती आणि बेसवर पोहोचणे हे बेसबॉलमधील सर्वांत मोलाचे काम असूनही त्या काळच्या वृत्तपत्रांतील रोजच्या कोष्टकांत त्याला फारशी जागा नव्हती. बेसवर पोहोचण्याचे त्याचे प्रमाण .३६३ होते. सेकंड बेस ही मुळात क्षेत्ररक्षणाची जागा असल्याने तिथे खेळणाऱ्याकडून होम रनची अपेक्षा कमीच ठेवली जाई, तरीही त्याने २४४ होम रन मारले. बहुतेक सेकंड बेसमन तिशीनंतर ओसरतात, कारण धावत येणारे प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षे त्यांच्या पायांवर घसरून येत असतात. व्हिटेकरने वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, १९८९ मध्ये, आपल्या कारकिर्दीतले सर्वाधिक २८ होम रन मारले आणि अडतिसाव्या वर्षी शेवटच्या हंगामातही .२९३ ची सरासरी राखली. हे सारे गुण एकाच खेळाडूत असूनही त्यांतला एकही मथळ्याला पुरेल असा नव्हता.

या विखुरलेल्या गुणांची बेरीज करणारे माप नंतर रूढ झाले. ‘वॉर’ या नावाने ओळखले जाणारे हे माप फलंदाजी, धावणे, क्षेत्ररक्षण आणि खेळण्याची जागा या सर्वांचा एकत्र विचार करते आणि सहज उपलब्ध होणाऱ्या पर्यायी खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती विजय अधिक मिळवून दिले याचा अंदाज बांधते. बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या गणनेनुसार व्हिटेकरचे वॉर ७५.१ आहे. ट्रॅमेलचे ७०.७ आहे. हॉल ऑफ फेममध्ये २००५ साली गेलेल्या शिकागो कब्जच्या रायन सँडबर्गचे ६८ आणि २०११ साली गेलेल्या रॉबर्टो अलोमारचे ६७ आहे.

सँडबर्गशी तुलना येथे विशेष महत्त्वाची आहे, कारण दोघे एकाच काळात एकाच जागी खेळले. सँडबर्गने २,३८६ हिट आणि २८२ होम रन केले, म्हणजे फटक्यांच्या बाबतीत दोघे जवळजवळ शेजारी उभे आहेत. सँडबर्ग अधिक वेगवान होता, त्याला नऊ गोल्ड ग्लव्ह मिळाले आणि १९८४ चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याच्याकडे आहे. उलट व्हिटेकरने सँडबर्गपेक्षा चारशेहून अधिक वॉक मिळवले, त्यामुळे बेसवर पोहोचण्याचे सँडबर्गचे प्रमाण .३४४ वरच राहिले. सँडबर्गला २००३ मध्ये पहिल्याच वर्षी ४९.२ टक्के मते पडली आणि तिसऱ्या वर्षी तो निवडून आला. दोघांत सँडबर्ग सरस होता असे कोणी म्हटले तर मी हुज्जत घालणार नाही, त्याचा बहराचा काळ अधिक तेजस्वी होता. परंतु ४९.२ आणि २.९ या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते खेळातील अंतर नव्हे. शिकागोचे सामने देशभर केबलवर दिसत, किताब आणि पुरस्कार मतदाराच्या लक्षात राहत. डेट्रॉइटच्या दुसऱ्या बेसवर काय चालले होते हे मात्र मुद्दाम पाहिल्याशिवाय कळत नव्हते.

मतदारांनी जाणूनबुजून अन्याय केला, असे मला वाटत नाही. पाचशेहून अधिक पत्रकार आपापल्या घरी बसून मतपत्रिका भरत होते. पहिल्या वर्षी निवडून येण्याइतका हा खेळाडू नाही, पुढच्या वर्षी पाहू, असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे, कारण मत देण्यापूर्वी काही वर्षे थांबण्याची रीत त्या मतदानात जुनीच होती. प्रत्येकाने स्वतंत्रपणे असा विचार केला की एकूण परिणाम असा होतो की पुढचे वर्ष उगवतच नाही. बर्ट ब्लायलेव्हन हा गोलंदाज २००१ च्याच यादीत २३.५ टक्क्यांवर होता. दहा वर्षांच्या चर्चेनंतर, २०११ मध्ये, तो निवडून आला. त्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांना आकडे मांडायला, शंका घेणाऱ्यांना त्या तपासायला आणि मतदारांना मत बदलायला एक दशक मिळाले. व्हिटेकरच्या बाजूचे आकडे लोकांच्या हाती आले तेव्हा मतपत्रिकेवर त्याचे नावच उरले नव्हते. पाच टक्क्यांच्या नियमाचा हेतू यादी आटोपशीर ठेवण्याचा आहे आणि बहुसंख्य उमेदवारांबाबत तो योग्यच काम करतो. दोष एवढाच की पहिले आणि शेवटचे मत हे एकच मत ठरते. अमेरिकन लीगचाच जुना सेकंड बेसमन बॉबी ग्रिच याच वाटेने १९९२ मध्ये २.६ टक्क्यांवर बाहेर पडला होता आणि केनी लॉफ्टन २०१३ मध्ये ३.२ टक्क्यांवर बाहेर पडला.

नियम अगदीच अभेद्य होता असेही नाही. रॉन सँटो हा थर्ड बेसमन १९८० मध्ये ३.९ टक्क्यांवर वगळला गेला होता. १९८५ मध्ये अशा काही खेळाडूंना पुन्हा यादीत घेण्यात आले, त्यात तोही होता, आणि पुढे त्याची मते ४० टक्क्यांच्या वर गेली. शेवटी समितीने डिसेंबर २०११ मध्ये त्याची निवड केली, तोपर्यंत त्याचे निधन होऊन वर्ष उलटले होते. पहिल्या नजरेतील मत किती कच्चे असू शकते याचा पुरावा हॉल ऑफ फेमच्या हाती तेव्हापासूनच होता, परंतु १९८५ चा तो प्रयोग नंतरच्या खेळाडूंच्या वाट्याला आला नाही.

ट्रॅमेलची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी लागते. तो एक वर्ष उशिरा निवृत्त झाला, २००२ मध्ये १५.७ टक्क्यांनी त्याची सुरुवात झाली आणि पंधरा वर्षे यादीत राहून २०१६ मध्ये तो ४०.९ टक्क्यांवर थांबला. लेखकांनी त्याला निवडले नाही, पण पंधरा वर्षे त्याचे नाव चर्चेत ठेवले. डिसेंबर २०१७ मध्ये समितीने त्याला सोळापैकी तेरा मते देऊन निवडले. त्याच वेळी टायगर्सचा गोलंदाज जॅक मॉरिसही चौदा मतांनी निवडून आला. त्या वर्षीच्या समितीच्या यादीत व्हिटेकरचे नाव नव्हते. पुढच्या जुलैमध्ये कूपर्सटाउनच्या व्यासपीठावरून ट्रॅमेलने समोर बसलेल्या आपल्या जोडीदाराचा उल्लेख केला आणि तोही एक दिवस येथे यावा अशी इच्छा बोलून दाखवली.

तेव्हापासून व्हिटेकरच्या बाजूने सर्वाधिक ऐकू येणारा युक्तिवाद असा आहे की ट्रॅमेल आत आहे, म्हणून व्हिटेकरही आत हवा. भावनेला तो पटतो, परंतु मला तो सर्वांत दुबळा वाटतो. जोडीने केलेले डबल प्ले जोडीचे असतात, हॉल ऑफ फेमचा फलक मात्र एकेकाचा असतो. याहूनही दुबळा युक्तिवाद म्हणजे आतल्या सर्वांत कमजोर नावाकडे बोट दाखवणे. २००१ मध्ये, व्हिटेकरला १५ मते पडली त्याच वर्षी, जुन्या खेळाडूंच्या समितीने बिल मॅझरॉस्की या सेकंड बेसमनला निवडले, ज्याचे वॉर ३६.५ आहे आणि ज्याची कीर्ती प्रामुख्याने क्षेत्ररक्षणावर आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यातील निर्णायक होम रनवर उभी आहे. २०१८ मध्ये हॅरोल्ड बेन्सची निवड झाली, ज्याला लेखकांनी कधीही ६.१ टक्क्यांहून अधिक मते दिली नव्हती. एका समितीची ढिलाई हा पुढच्यासाठी निकष मानला तर निकषच उरणार नाही. व्हिटेकरला या कुबड्यांची गरजही नाही. मॅझरॉस्की आणि बेन्स नसते तरी सँडबर्ग आणि अलोमार यांच्या रांगेत त्याचे स्थान तेवढेच राहते.

विरोधी बाजूचे खरे बळ अन्यत्र आहे. व्हिटेकरच्या कारकिर्दीत शिखर नाही. सर्वोत्तम सात हंगामांचे वॉर एकत्र केले तर ते सुमारे ३८ भरते आणि हॉल ऑफ फेममधील सेकंड बेसमनची सरासरी त्याहून बरीच वर आहे. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्याने गाठलेली सर्वांत वरची जागा आठवी, तीही १९८३ मधली. कारकिर्दीच्या उत्तरार्धात डावखुऱ्या गोलंदाजांपुढे त्याला अनेकदा न खेळवता बाकावर बसवले जाई, त्यामुळे त्याच्या फलंदाजीचे आकडे काहीसे सुरक्षित राहिले. शिवाय १९८० च्या दशकातील क्षेत्ररक्षणाचे मोजमाप आजच्या कॅमेऱ्यांसारखे काटेकोर नव्हते, ते जुन्या नोंदींवरून मागाहून काढलेले अंदाज आहेत, आणि ७५.१ मधला दशांश हा निव्वळ हिशेबाचा भाग आहे. हॉल ऑफ फेम हे थोरांसाठी आहे, केवळ दीर्घकाळ चांगले खेळणाऱ्यांसाठी नाही, असे म्हणणाऱ्याला येथे आधार मिळतो. कर्बी पकेट हे त्याच मतदानातले विरुद्ध टोकाचे उदाहरण आहे: डोळ्याच्या विकाराने बारा हंगामांत थांबलेली कारकीर्द, २,३०४ हिट, .३१८ ची सरासरी आणि लखलखते शिखर.

परंतु हा आक्षेप पूर्ण मान्य केला तरी त्यातून २.९ टक्के निघत नाहीत. शिखराला महत्त्व देणारा मतदार त्याला नाकारेल, सातत्याला महत्त्व देणारा स्वीकारेल, आणि अशा उमेदवाराचा निकाल चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास घुटमळत अनेक वर्षे चालायला हवा होता. माझे स्वतःचे मत स्वीकारणाऱ्यांच्या बाजूचे आहे. दर वर्षी चार ते पाच विजय मिळवून देणारा सेकंड बेसमन पंधरा-सोळा वर्षे हाताशी असणे हे संघाच्या दृष्टीने एखाद्या वर्षाच्या किताबापेक्षा दुर्मीळ आहे, आणि अंदाजातून दहा टक्के वजा केले तरी व्हिटेकर अलोमारच्या शेजारीच राहतो.

दुसरे दार त्याच्यासाठी एकदाच उघडले. डिसेंबर २०१९ मध्ये समितीपुढे दहा नावे होती आणि सोळा सदस्यांपैकी प्रत्येकाला जास्तीत जास्त चार नावे देता येत होती. म्हणजे एकंदर चौसष्ट मते. टेड सिमन्सला तेरा आणि खेळाडू संघटनेचे नेते मार्विन मिलर यांना बारा मते मिळाली. ड्वाइट इव्हान्सला आठ, डेव्ह पार्करला सात, आणि स्टीव्ह गार्वी व व्हिटेकर यांना प्रत्येकी सहा. या गणितात सहा मते वाटतात तितकी वाईट नाहीत. दोन उमेदवारांनी पंचवीस मते नेल्यावर आठ जणांत एकोणचाळीस उरतात आणि तिसऱ्याला बारा मिळणे अवघड होऊन बसते. स्वतः सिमन्सला लेखकांनी १९९४ मध्ये ३.७ टक्क्यांवर बाहेर काढले होते आणि २०१७ मध्ये समितीत तो एका मताने हुकला होता. म्हणजे पहिल्या वर्षी बाद झालेला खेळाडू समितीतून निवडून येऊ शकतो, पण त्याला पुन्हा पुन्हा यादीत यावे लागते.

इथेच व्हिटेकरचे घोडे अडले. त्यानंतर समित्यांची फेररचना झाली, यादी आठ नावांवर आणि प्रत्येक सदस्याची मते तीनवर आली. डिसेंबर २०२२ च्या यादीत तो नव्हता. फ्रेड मॅकग्रिफ सोळापैकी सोळा मतांनी निवडून आला. डिसेंबर २०२५ च्या यादीतही तो नव्हता. त्या वेळी जेफ केंट चौदा मतांनी निवडून आला. केंटही सेकंड बेसमनच, ३७७ होम रन आणि २००० चा किताब असलेला, वॉर सुमारे ५५. दोन्ही वेळा बाँड्स आणि क्लेमेन्स यांना यादीत जागा मिळाली, ज्यांच्याविषयी नव्याने सांगण्यासारखे कोणाकडेही काही नव्हते. दरम्यान ६ ऑगस्ट २०२२ रोजी टायगर्सने व्हिटेकरचा १ क्रमांक निवृत्त केला, हा मान हा संघ सहसा हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्यांपुरता राखून ठेवतो.

या काळातील खेळाडूंचा पुढचा विचार डिसेंबर २०२८ मध्ये व्हायचा आहे, तेव्हा व्हिटेकर एकाहत्तर वर्षांचा असेल. त्याआधी ज्येष्ठ बेसबॉल लेखकांची छाननी समिती आठ नावे निवडेल आणि त्याचा खरा सामना तिथेच आहे. शिवाय आता नवा नियम आला आहे: समितीत पाचपेक्षा कमी मते मिळालेला उमेदवार पुढच्या फेरीत बसू शकत नाही आणि दुसऱ्यांदा तसे झाले तर तो कायमचा बाद होतो. २००१ मध्ये लेखकांच्या दारावर असलेली अट या नियमाने दुसऱ्या दारावरही आणून बसवली आहे. तिचा पहिला फटका बाँड्स आणि क्लेमेन्स यांना बसला असल्याने २०२८ च्या यादीत किमान दोन जागा मोकळ्या होतील. छाननी समितीने त्यांतली एक व्हिटेकरला द्यावी आणि सोळा सदस्यांना त्याच्या आकड्यांसह त्याचे नाव वाचू द्यावे, एवढीच या प्रकरणातील मागणी आहे. त्यांनी त्यानंतर नकार दिला, तर तो विचार करून दिलेला पहिलाच नकार असेल.